नुकसानीचा रकाना

या शहराच्या नावाचा अर्थ होडी,
आणि नदी शोधाल तर ती रस्त्याखाली, पाइपात.
वूच. ओठ पुढे काढून म्हणायचं,
गरम चहावर फुंकर घातल्यासारखं.

जुन्या गिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर
कला अकादमीतून यंदा पास होणाऱ्यांचं प्रदर्शन.
मी गेल्या साली पास झालो,
म्हणून यंदा खुर्चीवर बसतो, तासाच्या हिशेबानं,
आणि लोकांना सांगतो, हात लावू नका.

तसं हात लावावंसं पुष्कळ आहे.
तादेउशनं बुरशी वाढवून केलेलं जाकीट,
अजून ओल्या पावाचा वास येतो त्याला.
क्लेमेंतिनाचा झगा दंतवैद्याच्या एक्स-रे फिल्मचा,
उजेडात गेला की दाढा दिसतात.
एक पोशाख पाण्यात विरणाऱ्या धाग्याचा;
उद्घाटनाला कुणाचा तरी ग्लास सांडला,
आता त्याला एकच बाही आहे
आणि किंमत वाढली आहे.

शेवटी, खिडकीपाशी, यागोदाचा कोट.
राखाडी. मागे अकरा मीटर कापड
न शिवता तसंच फरपटत सोडलेलं.
गिरणी बंद पडली त्या वर्षाचा हजेरीपट
तिला भंगारवाल्याकडे मिळाला.
जितकी नावं खोडलेली
तितके उभे धागे तिनं मागावर चढवलेच नाहीत.
एक हजार तीनशे बारा फटी.
दुपारी ऊन त्यांतून खाली उतरतं
आणि फरशीवर रेघा ओढतं, वहीसारख्या.
परीक्षकांनी ‘अनुपस्थिती’ हा शब्द चार वेळा वापरला.

गुरुवारी एक बाई आल्या. हातात कोबीची पिशवी.
(नाव मला नंतर अभिप्रायाच्या वहीत कळलं:
‘कापड बरं. काठ वाईट. गेनोव्हेफा श.’)
बोलणं मोठ्यानं; कान सांच्यांनी नेलेले.
माझ्या ओठांकडे बघून माझं ऐकायच्या.

कापडापाशी थांबल्या. नाक टेकेपर्यंत वाकल्या.
‘धागा सुटलाय. कुणाच्या पाळीत?’
मी म्हणालो, हात लावू नका.
पण आता त्यांची पाठ माझ्याकडे,
आणि पाठीला ओठ दिसत नाहीत.

काठाचं लोंबतं सूत ओढलं,
जिभेवर ओलं केलं,
आणि मी खुर्चीतून उठेपर्यंत
दोन बोटांत काहीतरी फिरलं,
चिमणीनं दाणा उचलावा इतकंच.
मग केसातली पिन काढून
वीतभर फट भरलीसुद्धा.
‘चालेल,’ म्हणाल्या. ‘माग सुरू करा.’

कसला माग.
खालच्या मजल्यावर आता बिलियर्डची टेबलं आहेत.

यागोदा ट्रामनं आली, लालबुंद.
सहा महिने, म्हणाली, सहा महिने मी
एकेक नाव रिकामं ठेवत आले, आणि ही...
पुढचं वाक्य तिनं कापडावर वाकून गिळलं.
गाठ शोधू लागली.
बोटांना लागेना. पाच वर्षं शिकलेल्या बोटांना.
मग नखानं. मग माझ्या फोनचं भिंग लावून.
तासाभरानं हजेरीपट उघडून
डावीकडून मोजायला बसली, कुणाची फट भरली ते.
दोनशेच्या पुढे चुकली. पुन्हा पहिल्यापासून.
बाई खिडकीच्या कट्ट्यावर, कोबी मांडीवर,
तिचे पुटपुटणारे ओठ वाचत होत्या
आणि एकदा म्हणाल्या, ‘एकशे नव्वद दोनदा घेतलंस.’

अशी त्या दोघींची गाठ पडली.

विम्याच्या फॉर्मवर नुकसानीचा रकाना असतो.
मी लिहिलं: एक गाठ.
आकार: दिसत नाही.
कारण: इथे पेन थांबलं,
तेवढ्यात दिवे बंद करायची वेळ झाली.

जिन्यात बाईंनी माझ्या बुटाची नाडी मागितली.
यागोदाला तीनदा करून दाखवली, सावकाश,
चौथ्यांदा तिला जमली.
ती गाठ मला अजून सुटत नाही.
बूट तसाच ओढून घालतो.